आर्सेन अवाकोव्ह: सात वर्षं युक्रेनचा गृहमंत्री राहिलेला माणूस नक्की कोण होता?

डॉ_माणदेशी

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं.

मी २००९ ते २०१५ अशी सहा वर्षं खार्किव्हमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलं. तेव्हा आम्ही सगळी भारतीय पोरं रशियन वळणाने 'खारकोव्ह'च म्हणायचो. मी गेलो तेव्हा त्या प्रांताचा गव्हर्नर होता आर्सेन अवाकोव्ह. बाहेर पडलो तेव्हा तोच माणूस कीव्हमध्ये देशाचा गृहमंत्री होता. मधल्या काळात तो निवडणूक हरला, देश सोडून गेला, इटलीत अटकेत राहिला आणि खासदार होऊन परत आला.

थोडक्यात ओळख. जन्म १९६४, बाकूत, आर्मेनियन कुटुंबात. दोन वर्षांचा असताना घरचे युक्रेनला आले. खार्किव्ह पॉलिटेक्निकचा इंजिनियर. सोव्हिएत संघ कोसळत असताना 'इन्व्हेस्टर' नावाची कंपनी काढली, मग 'बाझिस' बँक. २००४ च्या नारिंगी क्रांतीत (निवडणुकीतल्या घोटाळ्याविरुद्धच्या जनआंदोलनात) विरोधी नेते युश्चेन्कोंच्या बाजूने उभा राहिला आणि २००५ मध्ये गव्हर्नर झाला. २०१० मध्ये रशियाकडे झुकलेले यानुकोविच राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्यावर पद सोडलं. त्याच वर्षी महापौरपदाची निवडणूक हेन्नादी केर्नेसकडून एका टक्क्याहूनही कमी फरकाने हरला. २०१२ मध्ये जमिनीच्या प्रकरणात गुन्हा दाखल झाला तेव्हा तो इटलीत होता. तिथे फ्रोसिनोनेत त्याला पकडलं आणि काही दिवसांनी सोडलं. त्याच वर्षी तो देशाबाहेर असतानाच विरोधकांच्या यादीतून संसदेवर निवडून आला आणि डिसेंबरात परतला. मग यानुकोविचविरुद्ध कीव्हच्या मैदान चौकातलं आंदोलन, आणि फेब्रुवारी २०१४ ला गृहमंत्रीपद. ते त्याने जुलै २०२१ पर्यंत सोडलं नाही. स्वतंत्र युक्रेनमध्ये या खुर्चीवर एवढा काळ दुसरं कुणी बसलेलं नाही.

आता माझा प्रश्न. ६ एप्रिल २०१४ ला दोनेत्स्क, लुहान्स्क आणि खार्किव्ह, तिन्ही शहरांत रशियाधार्जिण्या जमावांनी सरकारी इमारती ताब्यात घेतल्या. ७ तारखेला खार्किव्हमध्ये 'लोक प्रजासत्ताक' जाहीर झालं. ८ ला पहाटे विन्नित्स्याहून आणलेल्या 'जग्वार' या विशेष तुकडीने प्रांत कार्यालय मोकळं केलं. अवाकोव्ह स्वतः शहरात होता. दोनेत्स्क आणि लुहान्स्क गेले, खार्किव्ह राहिलं. मी त्या शहरात होतो, त्यामुळे या माणसाबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. पण पुढच्या सात वर्षांत त्याच्या खात्यात जे घडलं ते वाचलं की झोप उडते.

शहर वाचवलं म्हणून बाकीचं माफ करायचं का? तुम्हाला काय वाटतं?

---

शमा_वाचक

वाचतेय. या माणसाचं नावही ऐकलं नव्हतं. डॉक्टर, ८ एप्रिलच्या पहाटेबद्दल जरा सविस्तर लिहा ना.

---

भूगोलवेडा

चांगला धागा. एक गोष्ट आधी स्पष्ट करू, नाहीतर पुढे गोंधळ होईल. आपल्याकडे पोलीस हा राज्याचा विषय, निमलष्करी दलं केंद्राकडे, अग्निशमन महापालिकेकडे. युक्रेनमध्ये एकाच गृहमंत्र्याच्या हाताखाली राष्ट्रीय पोलीस, नॅशनल गार्ड, सीमा रक्षक सेवा, आपत्कालीन सेवा (आग, पूर, बचाव सगळं) आणि स्थलांतर सेवा येते. पासपोर्टपासून बंबापर्यंत सगळं एका दारात. राष्ट्राध्यक्षाकडे सैन्य, परराष्ट्र खातं आणि गुप्तहेर सेवा. पण रस्त्यावर गणवेशात दिसणारा जवळजवळ प्रत्येक माणूस गृहमंत्र्याचा.

त्यात तिथली राज्यघटना अशी की गृहमंत्र्याला नेमते आणि काढते संसद. म्हणजे राष्ट्राध्यक्षाला नको असला तरी संसदेत मतं जुळेपर्यंत तो राहू शकतो. अवाकोव्हच्या सात वर्षांचं अर्धं उत्तर इथेच आहे.

---

निवृत्त_इन्स्पेक्टर

३४ वर्षं पोलीस खात्यात काढली, त्यामुळे या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

२०१५ साली कीव्हच्या नव्या गस्ती पोलिसांचे व्हिडिओ आमच्या प्रशिक्षण केंद्रातल्या एका तरुण अधिकाऱ्याने दाखवले होते. ४ जुलै २०१५ ला सोफिया चौकात त्यांचा शपथविधी झाला. सुमारे दोन हजार तरुण मुलंमुली, नवा गणवेश, अंगावर कॅमेरे, टोयोटा प्रियस गाड्या, जुन्यांपेक्षा चांगला पगार. 'मिलिट्सिया' हे सोव्हिएत नाव जाऊन 'पोलीस' आलं. लोक त्यांच्यासोबत फोटो काढून घेत होते. पोलिसासोबत लोक आनंदाने फोटो काढतायत हे बघून मला भरून आलं होतं, खरंच सांगतो.

त्यामागे होत्या जॉर्जियाहून आणलेल्या एका झ्गुलाद्झे, तिथल्या पोलीस सुधारणांत काम केलेल्या. अवाकोव्हची पहिली उपमंत्री. नोव्हेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय पोलीस दल रीतसर सुरू झालं तेव्हा त्याची पहिली प्रमुखही जॉर्जियाचीच, खातिया देकानोईद्झे.

पण घोडं कुठे अडलं ते ऐका. गस्त हा खात्याचा चेहरा आहे, खात्याची ताकद तपासात असते. कोणाला आरोपी करायचं, कोणाची फाइल थंड्या बस्त्यात टाकायची, हे गुन्हे शाखेत ठरतं. तिथली जुनी माणसं बहुतेक तशीच राहिली. फेरपरीक्षा घेतल्या, काहींना काढलं, त्यातले बरेच कोर्टात जाऊन परत आले. झ्गुलाद्झे मे २०१६ ला गेल्या, देकानोईद्झे त्याच वर्षी नोव्हेंबरात. चेहरा धुतला, शरीर तेच.

जॉर्जियात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष साकाश्विलींनी अख्खे वाहतूक पोलीसच घरी पाठवले होते. पण जॉर्जिया छोटा देश आणि त्या वेळी युद्धात नव्हता. पूर्वेला तोफा चालू असताना सगळा तपास विभाग रिकामा करायची हिंमत मीसुद्धा केली नसती. त्यामुळे अवाकोव्हला मी लगेच दोषी ठरवणार नाही.

---

अभय१९

@निवृत्त_इन्स्पेक्टर काका, मुद्देसूद. "चेहरा धुतला, शरीर तेच" याला +१.

साकाश्विलींचं नाव निघालंच आहे म्हणून: हेच ते दोघं ना, ज्यांचं पाण्याच्या ग्लासावरून झालं होतं?

---

सुप्रिया_ज

हो हो, तेच! १४ डिसेंबर २०१५. साकाश्विली तेव्हा ओडेसाचे गव्हर्नर होते. राष्ट्राध्यक्ष पोरोशेन्कोंसमोर सुधारणा परिषदेची बैठक चालू, दोघं एकमेकांना भ्रष्ट म्हणतायत, आणि अवाकोव्हने समोरचा ग्लास उचलून पाणी त्यांच्या दिशेने भिरकावलं. त्याचा व्हिडिओही बाहेर आला. बैठकीचं नाव काय तर सुधारणा परिषद!

---

पाटलाचा_वाडा

आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी देतात, तेही तांब्याभांड्यातून. देण्याची पद्धत मात्र वेगळी आहे. 😀

---

अभय१९

हहपुवा 😂

---

ऱ्हाईनकाठ

मी जर्मनीत असते. आमच्या इमारतीत २०२२ पासून खार्किव्हचं एक कुटुंब राहतं. त्या काकू तिथे शाळेत शिक्षिका होत्या. काल त्यांना डॉक्टरांचा प्रश्न विचारला. त्या आधी खूप वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "२०१४ चा अवाकोव्ह आणि २०१८ चा अवाकोव्ह हे मला दोन वेगळे माणूस वाटतात."

२०१८ म्हणजे कातेरिना हांद्झिउक. खेरसोन शहराच्या महापालिकेत काम करणारी, भ्रष्टाचाराविरुद्ध आणि स्थानिक पोलिसांविरुद्धही उघड बोलणारी बाई. ३१ जुलै २०१८ ला घरासमोर तिच्या अंगावर सल्फ्युरिक ॲसिड ओतलं. पोलिसांनी सुरुवातीला गुन्हा काय लावला? गुंडगिरी. आधी एका भलत्याच माणसाला पकडलं, नंतर सोडावं लागलं. बाई तीन महिने रुग्णालयात झुंजली, तिच्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया होत राहिल्या, तशा अवस्थेतही तिने कॅमेऱ्यासमोर येऊन विचारलं की कार्यकर्त्यांवर एवढे हल्ले होतात, त्यांचे सूत्रधार का सापडत नाहीत. ४ नोव्हेंबरला ती गेली. वय ३३.

तिची मित्रमंडळी "कात्या हांद्झिउकला कोणी मारवलं?" असं लिहिलेले फलक घेऊन गृहखात्यासमोर उभी राहायची. ॲसिड टाकणारे सापडले. सुपारी देणाऱ्यांना शिक्षा व्हायला २०२३ उजाडलं, आणि त्यांतला एक खेरसोन प्रांताच्या परिषदेचा अध्यक्ष होता.

इन्स्पेक्टर काका, तुमचा मुद्दा पटतो की युद्धात सगळा विभाग रिकामा करता येत नाही. पण ॲसिडच्या हल्ल्याला गुंडगिरी म्हणायला युद्ध लागत नाही.

---

निवृत्त_इन्स्पेक्टर

@ऱ्हाईनकाठ ताई, हे मान्य. कलम लावताना ठाणेदाराची नियत कळते. हे प्रकरण मला माहीत नव्हतं. वाचून काढतो.

---

तिसरी_घंटा

अवाकोव्हच्या खात्याचं दुसरं मोठं प्रकरण म्हणजे पत्रकार पावेल शेरेमेत. २० जुलै २०१६, सकाळची वेळ, कीव्हच्या मध्यवस्तीत चौकात गाडीखाली स्फोट. तीन वर्षं तपास पुढे सरकत नव्हता. १२ डिसेंबर २०१९ ला एकदम मोठी पत्रकार परिषद. अवाकोव्ह, पोलीस प्रमुख, आणि शेजारी राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की. संशयित तिघे: आंद्री आन्तोनेन्को हा संगीतकार, युलिया कुझ्मेन्को ही लहान मुलांची हृदयशल्यचिकित्सक, आणि याना दुहार ही सैन्यातली परिचारिका. तिघांचाही युद्धाशी स्वयंसेवक किंवा सैनिक म्हणून संबंध. तिघांनीही आरोप नाकारले. कॅमेऱ्यातली चाल, उंची, जॅकेट यावरून ओळख पटवल्याचा दावा होता. पुराव्यांवर इतके प्रश्न उठले की नंतर सरकारची बाजूच बचावाच्या पवित्र्यात गेली. अटकेत असलेले दोघेही पुढे तुरुंगाबाहेर आले.

मला यात सगळ्यात खटकतं ते हे की राष्ट्राध्यक्षाला शेजारी बसवून तपास जाहीर केला. न्यायालयात सिद्ध व्हायच्या आधी. उद्या तो तपास चुकीचा ठरला तर राष्ट्राध्यक्षही त्यात अडकला. हे अनवधानाने झालं असेल असं मला वाटत नाही.

---

भूगोलवेडा

@तिसरी_घंटा शेवटच्या वाक्याला पुरावा नाही, तो तुमचा अंदाज आहे. पण बाकी सगळं बरोबर.

झेलेन्स्कींनी त्याला ठेवलाच का, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे. २०१९ मध्ये ते सगळी जुनी मंडळी घालवायचं आश्वासन देऊन निवडून आले. ऑगस्टमध्ये होन्चारूक सरकार आलं तेव्हा आधीच्या मंत्रिमंडळातले दोनच जण टिकले: अर्थमंत्री ओक्साना मार्कारोवा आणि अवाकोव्ह. कारण असं दिसतं की निवडणुकीत पोलिसांनी पोरोशेन्कोंच्या बाजूने ढवळाढवळ केली नाही. तोवर अवाकोव्ह आणि पोरोशेन्कोंचं चांगलंच बिनसलेलं होतं. राजकारणात नवख्या राष्ट्राध्यक्षाला पोलीस आणि नॅशनल गार्ड ओळखणारा माणूस हवा होता. "तात्पुरता" म्हणून ठेवलेला माणूस आणखी दोन वर्षं राहिला.

यात्सेन्युक, ह्रोयस्मन, होन्चारूक, श्मीहाल. चार पंतप्रधान, गृहमंत्री एकच.

---

सुप्रिया_ज

हे वाचताना मी त्या खुर्चीचा इतिहास चाळला. काळजात धस्स झालं.

युरी क्रावचेन्को, गृहमंत्री १९९५ ते २००१. सप्टेंबर २००० मध्ये पत्रकार हेओर्ही होन्हाद्झे बेपत्ता झाला, त्याचं शिर नसलेलं प्रेत जंगलात सापडलं, आणि संशयाची सुई राष्ट्राध्यक्ष कुचमा आणि या मंत्र्यापर्यंत गेली. ४ मार्च २००५ ला सरकारी वकिलांसमोर जबाब द्यायचा होता, त्याच सकाळी क्रावचेन्को घरी मृत सापडला. डोक्यात दोन गोळ्या. सरकारी निष्कर्ष: आत्महत्या.

त्याच्यानंतरच्या काळातला युरी लुत्सेन्को, दोनदा गृहमंत्री. यानुकोविच आल्यावर डिसेंबर २०१० ला अटक. आरोप काय, तर आपल्या ड्रायव्हरला घर आणि जास्तीचं निवृत्तीवेतन मिळवून दिलं, पोलीस दिनाच्या कार्यक्रमावर नियमबाह्य खर्च केला. शिक्षा चार वर्षं! युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१२ मध्ये निकाल दिला की ही अटक कायद्यात न बसणाऱ्या हेतूने झाली होती. एप्रिल २०१३ ला सुटला.

वासिल त्सुश्को, २००७ मध्ये महाअभियोक्त्याच्या (देशाच्या मुख्य सरकारी वकिलाच्या) कार्यालयात विशेष पोलीस घुसवले आणि दोन-तीन दिवसांत स्वतःच गंभीर आजारी पडला.

वितालि झाखारचेन्को, मैदानवर गोळ्या चालल्या तेव्हाचा मंत्री. रशियात पळाला.

आणि अवाकोव्हनंतर आलेला देनिस मोनास्तिर्स्की. त्याचं तर… कुणीतरी सविस्तर लिहा, माझ्याने होत नाही.

---

शमा_वाचक

बाप रे. ड्रायव्हरच्या पेन्शनसाठी चार वर्षं?

---

सुप्रिया_ज

@शमा_वाचक हो. आणि पुढचं ऐक. तोच लुत्सेन्को मे २०१६ ला देशाचा महाअभियोक्ता झाला. त्याच्याकडे कायद्याची पदवी नव्हती, म्हणून संसदेने आधी कायदाच बदलला आणि मग नेमणूक केली. मला त्याच्या तुरुंगवासाबद्दल सहानुभूती आहे, मनापासून आहे. पण अन्याय सोसलेल्या माणसाला कायदा वाकवून खुर्ची द्यायची, हे मला अजिबात पटत नाही. वर ताईंनी लिहिलेलं हांद्झिउक प्रकरण त्याच्याच काळातलं. तेव्हा तपास आणि अभियोग दोन्हीकडे मैदानवरून आलेली माणसं बसलेली होती.

---

पाटलाचा_वाडा

अवांतर: आपल्याकडेही २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात पोलिसांना राजकीय हस्तक्षेपापासून मोकळं करायचे आदेश दिले होते. काकांनी त्यावर लिहावं.

---

निवृत्त_इन्स्पेक्टर

@पाटलाचा_वाडा लिहीन, पण वेगळ्या धाग्यावर. हा युक्रेनचाच राहू दे.

---

कोवळं_ऊन

मला एका गोष्टीचं आश्चर्य वाटतं, इतका वेळ आझोवचा विषय कुणीच काढला नाही.

२०१४ च्या वसंतात सैन्य मोडकळीला आलेलं असताना गृहखात्याच्या छत्राखाली स्वयंसेवकांच्या बटालियन उभ्या राहिल्या: द्नीप्रो-१, दोन्बास, आझोव. आझोवचा संस्थापक आंद्री बिलेत्स्की खार्किव्हचाच, कडवा राष्ट्रवादी. जूनमध्ये मारिउपोल परत घेण्यात या लोकांचा मोठा वाटा होता. ते नाकारायचं कारण नाही. पण त्याच वर्षी आझोवचा उपप्रमुख वादिम त्रोयान याला अवाकोव्हने कीव्ह प्रांताचा पोलीस प्रमुख केलं. देकानोईद्झे गेल्यावर काही काळ राष्ट्रीय पोलिसांची धुरा त्याच्याकडे, नंतर तो उपमंत्री. ज्या खात्याने पारदर्शक भरतीचा गाजावाजा केला, त्याच खात्यात वरच्या जागा अशा भरल्या गेल्या. ज्यू संघटनांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता.

---

ऱ्हाईनकाठ

@कोवळं_ऊन आमच्या काकूंचा मुलगा २०२२ मध्ये नॅशनल गार्डमध्ये होता. त्या म्हणतात की बटालियन नंतर नॅशनल गार्डमध्ये सामावून घेतल्या नसत्या, तर हत्यारबंद टोळ्या सुट्या फिरल्या असत्या. म्हणजे अवाकोव्हने त्यांना पोसलं असं एक म्हणता येतं, आणि शिस्तीत आणलं असंही. मला दोन्ही खरं वाटतं.

---

अभय१९

मग शेवटी तो गेला कसा? लोकांनी घालवला की झेलेन्स्कींनी?

---

तिसरी_घंटा

@अभय१९ लोकांनी जोर लावला तो मे २०२० मध्ये. कीव्ह प्रांतातल्या काहारलिक शहरात साक्षीदार म्हणून बोलावलेल्या एका स्त्रीवर पोलीस ठाण्यातच पोलिसांनी छळ आणि बलात्कार केल्याचं उघड झालं. राजीनाम्यासाठी मोर्चे निघाले, संसदेबाहेर गर्दी झाली. अवाकोव्हने संसदेत येऊन उत्तर दिलं, ते ठाणं बरखास्त झालं, मंत्री राहिला.

त्याआधी २०१७ मध्ये त्याच्या मुलावर गृहखात्याला पुरवलेल्या पाठपिशव्यांच्या खरेदीवरून भ्रष्टाचारविरोधी ब्युरोने कारवाई केली होती. पुढच्या वर्षी भ्रष्टाचारविरोधी अभियोक्त्यांनी त्याच्यावरचं प्रकरण बंद केलं. तेव्हाही मंत्री राहिला.

जुलै २०२१ मध्ये मात्र अचानक स्वतःहून राजीनामा. १५ तारखेला संसदेने २९१ मतांनी स्वीकारला. कोणतंही मोठं प्रकरण त्या आठवड्यात नव्हतं. लोकांनी रस्त्यावर उतरून जे मागितलं ते तेव्हा मिळालं नाही आणि बंद दाराआड एका दिवसात झालं. मला याचंच वाईट वाटतं.

---

डॉ_माणदेशी

उशीर झाल्याबद्दल क्षमस्व, दवाखान्यात गर्दी होती. सगळे प्रतिसाद वाचले. मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त शिकायला मिळालं.

@शमा_वाचक, तुम्ही ८ एप्रिलबद्दल विचारलं होतं. प्रांत कार्यालय शहराच्या मध्यभागी, स्वोबोदी चौकाला लागून. प्रचंड मोठा चौक आहे तो, एका टोकाला देर्झप्रोमची ती काँक्रीटची अवाढव्य इमारत, आणि मध्ये तेव्हा लेनिनचा पुतळा. ६ तारखेपासून विद्यापीठाने आम्हाला सांगून ठेवलं होतं, चौकाकडे फिरकू नका. आम्ही मुलांनी तांदूळ, डाळ, मॅगी भरून ठेवली. वसतिगृहातल्या राखणदार आजी रात्रभर रेडिओ लावून बसायच्या. ८ ला सकाळी त्यांनीच दार वाजवून सांगितलं, "सोडवलं, चहा प्या." अवाकोव्हने फेसबुकवर कळवलं की सुमारे सत्तर जण पकडले. स्थानिक पोलिसांवर भरवसा नव्हता, त्यांच्यातले काही जमावाशी मिळालेले होते, म्हणून बाहेरची तुकडी आणावी लागली. नॅशनल गार्डचे प्रमुख स्तेपान पोल्तोराक स्वतः तुकडीसोबत आत शिरले. त्यामुळे श्रेय एकट्या अवाकोव्हचं नाही, हे मान्य. पण माणसं आणायचा निर्णय मंत्र्याचा होता, आणि दोनेत्स्कमध्ये तो निर्णय वेळेत कुणी घेतला नाही.

माझ्या वर्गातली दोनेत्स्कची एक मुलगी त्या उन्हाळ्यात घरी गेली ती परत जुन्या घराकडे कधी जाऊ शकली नाही. तिचे आईवडील दोन बॅगा घेऊन खार्किव्हला आले. वर्षभर त्यांनी भाड्याच्या एका खोलीत काढलं. फरक म्हणजे काय, ते मी त्या घरात जेवताना पाहिलं.

सप्टेंबरात लेनिनचा पुतळा पडला ती रात्रही आठवते. लोक तासन्‌तास दोर आणि करवती घेऊन झटत होते. अवाकोव्हने लिहिलं होतं की पडू दे, फक्त माणसांना इजा होऊ देऊ नका. पोलिसांनी अडवलं नाही.

---

भूगोलवेडा

डॉक्टर, केर्नेसचाही उल्लेख व्हायला हवा. महापौर म्हणून तो आधी यानुकोविचचा माणूस, पण त्या वसंतात त्याने फुटीरांची बाजू घेतली नाही. २८ एप्रिल २०१४ ला त्याच्या पाठीत गोळी घातली. त्यानंतर व्हीलचेअरवरून त्याने आणखी सहा वर्षं शहर चालवलं, २०२० मध्ये कोविडने गेला. अवाकोव्हचा जन्माचा प्रतिस्पर्धी. दोघांना एकमेकांचं तोंड पाहवत नव्हतं आणि शहर दोघांमुळे राहिलं.

---

डॉ_माणदेशी

@भूगोलवेडा अगदी बरोबर. माझ्याकडून राहिलं ते.

@सुप्रिया_ज, मोनास्तिर्स्कीबद्दल मी लिहितो.

देनिस मोनास्तिर्स्की, १९८० चा जन्म, ख्मेल्नित्स्कीचा. वकील. २०१९ ला झेलेन्स्कींच्या पक्षाकडून खासदार, संसदेच्या कायदा व सुव्यवस्था समितीचा अध्यक्ष, आणि १६ जुलै २०२१ ला मंत्री. सात महिन्यांत युद्ध त्याच्या अंगावर आलं. बुचा आणि इझ्युमला जमिनीतून काढलेल्या प्रेतांची ओळख पटवणं, प्रत्येक हल्ल्यानंतर ढिगारे उपसणं, सुरुंग काढणं, हे सगळं त्याच्याच खात्याकडे. वर इन्स्पेक्टर काकांनी ज्या गस्ती पोलिसांचं कौतुक केलं, तीच पोरं २०२२ मध्ये खार्किव्हच्या मेट्रो स्थानकांत आसरा घेतलेल्यांना पाणी आणि औषधं पोचवत होती.

१८ जानेवारी २०२३, सकाळी आठच्या सुमारास, दाट धुकं. मोनास्तिर्स्की, पहिला उपमंत्री येव्हेन येनिन आणि खात्याचा राज्य सचिव युरी लुब्कोविच हेलिकॉप्टरने आघाडीकडे निघाले होते. कीव्हजवळ ब्रोवारी शहरात हेलिकॉप्टर एका बालवाडीला लागून कोसळलं. पालक मुलांना सोडायला येत होते ती वेळ. १४ माणसं गेली. त्यांत बालवाडीतलं एक मूल.

ते हेलिकॉप्टर आपत्कालीन सेवेचं सुपर प्यूमा. अवाकोव्हच्या काळात २०१८ मध्ये फ्रान्सशी ५५ हेलिकॉप्टरांचा करार झाला होता, त्यातलं. करार वाईट होता असं मला म्हणायचं नाही. त्या हेलिकॉप्टरांनी असंख्य जखमी हलवले आहेत.

---

शमा_वाचक

डॉक्टर, वाचून डोळे भरले. बालवाडी.

---

ऱ्हाईनकाठ

त्या दिवशी आमच्या काकू सकाळी खाली पायरीवर बसल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "हा चांगला होता." एवढंच.

---

निवृत्त_इन्स्पेक्टर

हांद्झिउक प्रकरण दोन रात्री जागून वाचलं. ताई, तुमचं बरोबर होतं आणि माझं पहिलं मत मी मागे घेतो.

डॉक्टरांच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: मंत्र्याचा एप्रिल २०१४ मधला निर्णय उत्तम होता आणि त्याबद्दल त्याला सलाम. खात्यात शौर्यपदक मिळालेला हवालदार पुढे लाच घेताना सापडला, तर पदक काढून घेत नाहीत पण चौकशीही थांबवत नाहीत. दोन वेगळी कागदपत्रं, दोन वेगळे रकाने. मी कधी पदकाकडे बघून चौकशी बंद केली नाही. अवाकोव्हच्या बाबतीत युक्रेनच्या संसदेने सात वर्षं नेमकं तेच केलं.

आणखी एक. मोनास्तिर्स्कीनंतर मंत्री झालेले इहोर क्लिमेन्को हे आधीचे राष्ट्रीय पोलीस प्रमुख. शेरेमेत प्रकरणाच्या त्या पत्रकार परिषदेच्या काळात पोलीस प्रमुख तेच होते. म्हणजे तपास विभागाचा प्रश्न अजून तिथेच आहे.

---

तिसरी_घंटा

@निवृत्त_इन्स्पेक्टर काका, दोन रकाने ही गोष्ट मनात राहील. आणि मीही भूगोलवेडा यांचं ऐकून माझं ते "अनवधानाने नाही" वालं वाक्य मागे घेते. अंदाज होता तो.

---

अभय१९

या फोरमवर एकाच धाग्यात दोन जणांनी मत मागे घेतलं, प्रशासकांनी हा धागा जतन करून ठेवा! 😀

---

डॉ_माणदेशी

काका, तुमचं उत्तर मी त्या दोनेत्स्कच्या मैत्रिणीला रशियनमध्ये भाषांतर करून पाठवलं. ती आता ल्विव्हमध्ये भूलतज्ज्ञ आहे. तिचं उत्तर आत्ताच आलं: पदकाचा रकाना तिला मान्य, पण चौकशीचा रकाना आधी भरा म्हणते, कारण कात्या हांद्झिउक आणि ती एकाच वयाच्या पिढीतल्या.

लुत्सेन्कोवर वेगळा धागा हवा असं दोघांनी व्यनि करून सांगितलंय. सुप्रियाताई, तुम्ही काढा, २०१० च्या अटकेच्या वेळचं खार्किव्हमधलं वातावरण मी तिथे लिहीन.

---

सुप्रिया_ज

रविवारी काढते. काका, प्रकाश सिंहचाही राहिलाय बरं का.